दातातला उजेड

तपकीर गल्लीत हुजैफाभाईंनी
काउंटरवर नऊ दिवे मांडले.
म्हणाले, ताई, आधी सांगा, चालणार कोण?
मी म्हटलं, चालणार नाही. वाकणार.
रात्री तीनला, चेंबरमध्ये, कमरेपर्यंत.

वडील पाणीपुरवठ्यात. चावीवाले.
घोरपडे पेठेतल्या कुठल्या नळाला किती वाजता धार येते
ते त्यांच्या मनगटाला माहीत.
लोखंडी चावी दोन्ही हातांनी, सव्वीस फेरे,
आणि टॉर्च दातात.
एकतीस वर्षं दातात.
पुढचा दात त्यानंच तिरका झाला, असं आई म्हणते.
ते म्हणतात, जन्मतःच होता.

पहिला दिवा लावला. हजार ल्युमेन.
वरच्या फळीवरची धूळसुद्धा उघडी पडली.
"कात्रज ते सिंहगड पोरं हाच नेतात, ताई."
गेलेय मी त्या वाटेनं.
मागच्या पोराच्या कपाळावर असलाच सूर्य होता,
आणि जिथे पाऊल टाकायचं
नेमकी तिथे माझीच सावली.
उजेड वाढला म्हणजे खड्डा दिसतो असं नाही.
आणि हातभर अंतरावरच्या व्हॉल्व्हला हजार कशाला?
पितळ चकाकतं, डोळे दिपतात, फेरा चुकतो.

दुसरा जड. कपाळावरून नाकावर उतरला.
तिसऱ्याचा पट्टा कानामागे टोचला.
चौथा बांधून मी दुकानातच खाली वाकले,
मग आणखी खाली.
गिऱ्हाइकं बघत होती.
दिवा समोरच बघत राहिला, भिंतीवरच्या पंख्यांकडे.
मान मोडेपर्यंत माणसानंच का वाकायचं?
थोडं दिव्यानंही वाकावं.

पाचवा वाकत होता. टक, टक, टक,
तीन पायऱ्या.
मी पाण्याचा ग्लास मागितला.
हुजैफाभाईंना वाटलं, तहान लागली.
मी बोटं बुडवली, डोळे मिटले,
आणि ओल्या बोटांनी बटण शोधलं.
सापडलं.

"चार्जिंगचाच घ्या, सेलची कटकट नाही."
पण वडिलांच्या फोनमध्ये कायम चार टक्के असतात.
चार्जिंगही हवं, सेलही चालायला हवेत,
कारण तीन वाजता कोपऱ्यावरचं दुकान बंद असतं
आणि पाणी काही थांबत नाही.
तांबडा उजेडही होता त्यात.
तो कशाला, ते त्यांनाही नीट सांगता येईना.
साडेनऊशे म्हणाले. सातशे ऐंशीला दिला.

पहिल्या रात्री मी सोबत गेले.
वडिलांनी पट्टा दोनदा सोडला, दोनदा आवळला,
झाकण सरकवलं, वाकले,
आणि बोलायला लागले.

मला वाटायचं, अबोल माणूस.
कामावर तर शब्दच नाही.
तोंड भरलेलं होतं, बाकी काही नाही.
"अकरा, बारा... हा तुझ्या जन्माच्या वर्षी बसवलाय...
पंधरा... इथे जरा अडतो बघ, लाडात येतो...
सोळा... ह्याच्या जागी नवा देणार होते साहेब, दिला नाही...
सतरा..."
सव्वीस फेऱ्यांत इतकं बोलले
जितकं माझ्या लग्नाच्या बोलणीतही बोलले नव्हते.

मध्येच काही सांगायला वर बघितलं,
तर चेहराच गेला.
एक पांढरं वर्तुळ माझ्याशी बोलत होतं.
बाबा, खाली बघून बोला, दिपतंय.
मग ते माझ्या चपलांशी बोलले.
म्हणाले, अंगठा तुटायला आलाय, शिवून घे.

नळीतून पाणी गेल्याचा आवाज
आधी पायाला कळतो, मग कानाला.
हे त्यांनी सांगितलं. मला नाही कळला.

तांबडा उजेड घरी उपयोगी पडला.
वही भरतात त्यात, स्वयंपाकघरात बसून,
आईची झोप न मोडता.

सहाला अमृततुल्यात पहिला चहा.
दिवा कपाळावर तसाच, चालू.
चहावाल्यानं डोळ्यांवर पकड आडवी धरली,
"खिलारेकाका, माझा फोटो काढताय का?"
वडिलांनी बटण शोधलं.
कोरड्या बोटांनी.
तीनदा चुकले.