उरलेली नळी

नळ्या काढणाऱ्याने प्रत्येकीला
पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली होती.
तो वारला. मग अकरा हिवाळे
शेडमधल्या उंदरांनी चिठ्ठ्या वाचून संपवल्या.

आता फरशीवर एकशे एकेचाळीस नळ्या,
काही काळ्या, काही हिरव्या पडलेल्या,
समोर सोललेलं इंजिन,
आणि एक नकाशा, ज्यावर कुणाच्या तरी कॉफीचा गोल,
नेमका इंजेक्टरच्या जागी.

व्येस्वाव म्हणतो, नकाशा ठेव बाजूला, वाक बघ.
इथे ती दचकून वर गेली आहे, म्हणजे खाली पंप होता.
इथे घासून चकाकली आहे,
म्हणजे इथे कुणाचा तरी गुडघा रोज टेकायचा.

शनिवारी आम्ही सहा जण.
मी ट्रामच्या डेपोतून येते.
त्सेझारी लोकांचे दात बसवतो,
अरुंद जागेत आरसा धरून काम करायची त्याला सवय;
बॉयलरमागचे सांधे म्हणून त्याच्याकडे.
पाना फिरवताना तो नटाला सांगतो, थोडंसं दुखेल हं.

तांबं वयाने हट्टी होतं.
लाल होईस्तोवर तापवायचं, आणि पाण्यात बुडवायचं.
पोलाद अशाने कडक होतं, तांबं मऊ.
हे मला चाळिशीत कळलं, आणि उगाचच बरं वाटलं.
मग आत वाळू भरायची, ठोकून ठोकून,
दोन्ही तोंडांना लाकडी बुचं,
नाहीतर वाकताना नळी पोटात चपटी होते.
व्येस्वाव वाळू आधी तव्यावर भाजून घेतो.
ओल राहिली, म्हणतो, तर बूच तुझ्या कपाळात.

बाहेर सायलेशियाच्या टेकड्यांवर बर्फ,
आत आमच्या तोंडातून वाफ.
एवढीच वाफ त्या वर्षी इंजिनाने पाहिली.

मार्चमध्ये पाण्याचा दाब दिला.
दोन सांधे घामेजले, एक रडला,
बाकीच्यांनी तोंड मिटून घेतलं.
आणि फरशीवर एक नळी उरली.

वीतभर, करंगळीएवढी.
एका टोकाला बशीएवढं वेटोळं,
दुसऱ्या टोकाला नट, त्याला दोन कान,
म्हणजे पाना नकोच, बोटांनी फिरावा असा.
नकाशात ती नव्हती. कॉफीखालीही नव्हती.
आम्ही तिला सगळीकडे लावून पाहिलं,
सोयरीक जमत नसलेल्या मुलीसारखं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी आल्फोन्सआजोबा आले,
नातीच्या दंडाला धरून. वय एक्याण्णव,
याच इंजिनावर सात वर्षं कोळसा टाकलेला.
नव्या रंगाकडे त्यांनी पाहिलंही नाही.
नटांच्या पेटीवर बसले, वेटोळं दिसलं,
आणि खोकला लागेपर्यंत हसले.

सूप, ते म्हणाले. बिटाचं सूप.
ड्रायव्हर इग्नात्सीने एका रात्रपाळीत बनवलं हे,
कुणाला न विचारता.
गेजशेजारच्या कॉकला जोडायचं,
वेटोळ्यावर दोन डबे.
उणे वीसमध्ये, बाळांनो, घाटात, उकळतं सूप.
इन्स्पेक्टर दिसला की कान पिरगाळायचे
आणि सदऱ्याखाली लपवायचं.
एकदा निवायला वेळ मिळाला नाही.
इग्नात्सीच्या पोटावर गोल उमटला तो उमटलाच.
बायकोने विचारलं तर म्हणाला, सरकारी शिक्का.

कुणी काही ठरवलं नाही.
व्येस्वावने गेजशेजारचा बंद कॉक तेलात भिजत घातला.
त्सेझारीने आरसा धरला.
नट दोन बोटांनी बसला,
कालच काढल्यासारखा.

मेमध्ये बॉयलरचा इन्स्पेक्टर आला,
तरुण, नीटस, कानामागे पेन्सिल.
एकशे चाळीस नळ्या त्याने एकेक मोजल्या,
एकशे चाळीस खुणा केल्या,
आणि कपाळ पुसत मला म्हणाला,
एवढ्या उकाड्यात तुम्हाला कोट कसा सहन होतो?

सवय आहे, मी म्हटलं.