तिसरं फूल

रात्री साडेबाराला दुसरी पाळी सुटते.
अक्कलकोट रोडवर बंद पेट्रोल पंपाच्या कट्ट्यावर
आम्ही चौघं बसतो, कानात अजून मागांची खटखट.
डब्यात उरलेली कडक भाकरी मोडत
इराण्णा विचारतो, रोजच विचारतो,
“काय खेळलालास बे सध्या?”

पगाराचं कुणी विचारत नाही. घरचं तर नाहीच.

मुदस्सर सध्या ट्रक चालवतोय.
नॉर्वेतून मासे भरलेत, पोचवायचेत खाली कुठंतरी.
चार तास झाले म्हणतो, एक हॉर्न ऐकला नाही.
दिवसा हाच टॉवेलचे गठ्ठे भरलेला टेम्पो
सात रस्त्याच्या गर्दीतून शिव्या देत काढतो.
“काल गाडी बाजूला घेतली,” म्हणाला,
“वायपर बंद केले.
काचेवर बर्फ साठू दिला.”
कुणी हसलं नाही.
चव्वेचाळीस होतं त्या दिवशी.

इराण्णाला एक उडी जमत नाही.
दोन खांबांमधली, तीन आठवडे, तीच एक.
कट्ट्यावर उभा राहून दाखवतो:
इथून पळत यायचं, इथं दाबायचं, इथं सोडायचं,
आणि चप्पल सटकून खाली येतो.
“बघ, अस्संच पडतंय ते पण.”

गेंट्याल कमी बोलतो. तपासणी खात्यात आहे,
दिवसभर उजेडासमोर कापड धरून दोष शोधतो.
त्याची पोरगी झोपली की
तिच्या मोबाइलमधल्या मांजराला दूध पाजायचं,
नाहीतर सकाळी मांजर रुसतं, मग पोरगी.
“ही काय गेम आहे? तिसरी पाळी आहे.”

माझं मला नीट सांगता येत नव्हतं.
अकरा दिवस मी एका राजवाड्यात आहे.
शेवटचं दार. आत तो शिंगवाला.
त्याला मारलं की संपलं, असं सगळे म्हणतात.
मी आत गेलो, तलवार उपसली
आणि खाली बघितलं.

गालिचा.
लाल, मोरपिशी काठ, मधे फुलांची रांग.
पहिलं फूल ठीक. दुसरं ठीक.
तिसऱ्याची पाकळी तुटलेली,
तिथून पुढं बोटभर सरकलेलं सगळं,
थेट भिंतीपर्यंत.

नाना जकार्डची कार्डं पंच करायचे.
साखळीत एक कार्ड उलटं बसलं
की चादरीतलं कमळ असंच मधून फाटायचं.
तो माल ‘सेकंड’ला जायचा,
निम्म्या भावात आमच्याच घरी यायचा.
आम्ही भावंडं तेच पांघरून वाढलो,
घरात एक कमळ धड नव्हतं.

मी वाकून मोजत होतो, वाकता येतं त्यात,
तेवढ्यात मागून कुऱ्हाड.
परत गेलो. परत मोजलं. परत मेलो.
सहा वेळा.

“येडा हैस बे,” इराण्णा म्हणाला,
“लढायला गेलतास का चटई घ्यायला?”

मुदस्सर मात्र हळू बोलला,
“रात्री दोनला काढलं असेल कुणीतरी पोरानं.
डोक्यावर सुपरवायझर.”
मग बराच वेळ आम्ही त्या पोराचंच बोललो.
त्याला पाळी असते का.
रात्रीचा भत्ता मिळतो का, चहा कोण आणून देतं,
आणि त्याचा माल सेकंडला का गेला नाही.

शनिवारी गेंट्याल उशिरा आला.
डोळे लाल. काही न सांगता बसला,
चहा अर्धा झाल्यावर म्हणाला,
“भाच्याकडून दारापर्यंत खेळून घेतलं.
आत मीच गेलो.”
आणि अंगठा बोटावर ठेवून
एवढंसं अंतर दाखवलं.
“तिसरं नाही. दुसऱ्याच फुलापासून सुटलंय.
एक धागा. तुला दिसलं नाही.”

मी विचारलं, “आणि शिंगवाला?”

त्यानं कपातला गाळ हलवून बघितला.
“तो होता व्हय तिथं?”