वाघीण

आमच्या खाणीला रेल्वे कधी आलीच नाही.
डंपर होते. रेडी बंदरापर्यंत लाल चिखलाची ओळ,
आणि रस्त्याकडेच्या सगळ्या दोऱ्यांवर
वाळत घातलेल्या कपड्यांचा एकच रंग.

ती रेल्वे मी आता आणतोय,
खळ्यालगतच्या खोलीत, दोन फळ्या जोडून,
सत्त्याऐंशीत एक या मापाने.

थर्माकोलचे सात थर, चुलीवर तापवलेल्या सुरीने कापलेले:
ह्या खाणीच्या पायऱ्या.
माती मात्र खरी. बंद फाटकाखालून आणलेली,
घरातल्या चहाच्या गाळणीतून तीनदा चाळलेली.
("गाळणी परत आणू नका," बायको म्हणाली.)
डोळ्यांच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीतून
पातळ केलेला फेविकॉल सोडायचा, थेंब थेंब,
नाहीतर डोंगर वाहतो.

झाडी सुरूच्या वाळक्या काड्यांची. काजू काही जमले नाहीत.
सावंतवाडीच्या चितारआळीतून पांगाऱ्याचे तुकडे मिळाले,
लाकडी आंबे-केळी करून उरलेले;
त्यांचं झालं वर्कशॉप, धक्का, काट्याची खोली.
काट्याच्या खोलीला खिडकी जरा मोठीच पडली.
सव्वीस वर्षं मी त्या खिडकीत बसलो होतो.

बस्त्याव फिटर संध्याकाळी येतो,
गुडघे धरत बसतो, सांध्याची पाती कानशीने घासतो.
"हयसर रूळ खंय होते रे?" रोज विचारतो
आणि रोज घासतो.

शेजारची शर्वाणी, सातवीतली, विचारते
मालडब्याला वाघीण का म्हणतात.
माहीत नाही म्हणालो. तिला भूक फार, म्हणून असेल.
मग विचारते, खड्ड्यात पाणी कुठंय?
तिने खाण पाहिली ती हिरव्या पाण्याची,
काठावर धोक्याची पाटी, पाटीवर खंड्या.
रेझिनची बाटली आहे माझ्याकडे. हिरवा रंगही आहे.
ओतत नाही.

पाणी ओतलं की खाण बंद.
कोरडी ठेवली तर ते साल येतं
ज्या साली फटू तळवणेकर
चौथ्या पायरीवरून वर येताना शीळ घालायचा.
हॉर्न नव्हे, तोंडाने. डंपरच्या आवाजावरून ऐकू यायची.
चिठ्ठीवर नऊ टन. गाडीत साडेबारा.
सही माझी.
सगळ्यांच्याच चिठ्ठ्या तशा. ठेकेदाराचा पोऱ्या
खिडकीत चहा ठेवून जायचा, बशीखाली नोट.
त्या दिवशी फटूच्या सहा खेपांच्या सहा चिठ्ठ्या.
सातवी मी नाव घालून फाडून ठेवली होती.
शीळ ऐकली होती ना.

शर्वाणीला हे सांगितलेलं नाही.
बस्त्यावला सांगायची गरज नाही,
गाडी त्यानेच साखळी लावून वर काढली.

काल पहिल्यांदा गाडी सुटली.
इंजिन आणि चार वाघिणी; गार्डाचा डबा व्हायचाय.
सोनाराकडचा जुना तराजू आणलाय.
एकेक वाघीण पारड्यात ठेवतो, वहीत लिहितो:
अकरा ग्रॅम. अकरा. साडेदहा. अकरा.
"काका, अजून मावेल की," शर्वाणी म्हणते
मातीचा चमचा पुढे धरून.
मावेल.
बस्त्याव कानस खाली ठेवतो, काही बोलत नाही.

चौथ्या पायरीशी रूळ अजून नीट बसलेला नाही.
तिथे गाडी थांबते.
बोटाने थोडी ढकलावी लागते.