गिरणीवरची मंडळी

इंदुरात, मूसाखेडीला, दुबेंच्या पिठाच्या गिरणीवर
रविवारी सकाळी आठला आमची मंडळी भरते.
खाली पट्टा फिरू लागला की वर
पाळकांचा आवाज थरथरतो
आणि नवख्यांना वाटतं, आत्मा उतरला.
आम्ही खुलासा करत नाही.

मी खजिनदार.
गीतांच्या पुस्तकांवरचं पीठ झटकते, दानपेटी मोजते.
जुन्या देवळातून निघालो तेव्हा
एकवीस माणसं होतो आणि एक ढोलकी.
भांडण ढोलकीवरूनच झालं, बहुतेक.
आता नीट आठवत नाही.
दार आपटल्याचा आवाज तेवढा आठवतो.

"आपल्याला कुणाचं छत्र नको,"
योनातान भांबळ म्हणाले होते,
"प्रेषितांकडे कुठं होतं रजिस्टर?"
टाळ्या पडल्या. त्यांत माझीही होती.

जानेवारीत तेच गेले, झोपेत.
जिवंतपणी त्यांना गिरणी पुरली,
पण माती कुठं द्यायची?
फोनवर विचारत होते: कुठल्या मंडळीचे? कुणाशी संलग्न?
मी म्हणाले, मूसाखेडीचे. गिरणीवरचे.
पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.

दुबेंनी गिरणी बंद ठेवली: "भिया, आज पट्टा नी चलेगा."
दोनदा बर्फाच्या लाद्या बदलल्या.
उन्हं उतरताना जुन्या देवळाचे वडील, शमुवेल घाटगे,
काखेत रजिस्टर घेऊन आले.
ज्यांनी दार आपटलं होतं, तेच.
(की आम्ही आपटलं होतं?)
दफनभूमीच्या कट्ट्यावर बसून त्यांनी
'सभासद' हा छापील शब्द खोडला,
वर बारीक अक्षरात लिहिलं: पाहुणे.
मग भांबळांचं नाव.
पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. त्यांना पाठ होतं.

मार्चात मी संघाचा अर्ज आणला. नऊ पानं.
स्वतःची इमारत? नाही.
सभासद? चौतीस, लहान धरून.
नाव? 'मंडळी' असं लिहिलं आणि थबकले.
लग्नाला येतात ती मंडळी, जेवायला बसतात ती मंडळी,
एकट्याला हा शब्द वापरताच येत नाही.
शेवटच्या पानावर: शेजारच्या मंडळीची शिफारस, सही.
तिथं पेन बराच वेळ टेकून राहिलं, शाईचा ठिपका पडला.

घाटगे मटार सोलत होते.
हात पुसून त्यांनी नऊही पानं वाचली,
'संलग्न' मधला अनुस्वार दुरुस्त केला.
"वर्गणी जमेल?"
"हप्त्यानं."
"आणि ती ढोलकी?"
"राहील."
चार शेंगा सोलून झाल्या, मग त्यांनी सही केली.
निघताना मटाराची पिशवी दिली. पावती मागितली नाही.

मे महिन्यात रतलामला संघाची बैठक.
पंखे गरम हवा ढवळत होते.
देवासचे हिंदीवाले, केरळच्या दोन नर्सबाई,
झाबुआकडचे भिल्ल पाळक, अंगावर नवे कोरे शर्ट, घड्या न मोडलेले.
दुपारभर हिशोबावर वाद, आवाज चढले,
एक जण चहा न घेताच उठून गेला.
शेवटी प्रभूची प्रार्थना, ज्याची त्यानं आपल्या भाषेत.
आमची मराठी सगळ्यांच्या मागं राहिली,
'वाइटापासून सोडीव' वर एकटीच सापडली.
लोक 'आमेन' तोंडात धरून थांबले होते.

परतीच्या गाडीला वेळ होता.
थावरिया डामोर नावाचा पोरगेला पाळक
कोरा अर्ज घेऊन जवळ आला:
"ताई, हे कसं भरायचं?"
त्याच्याकडं सोळा माणसं, दीड वर्षाची.
इमारतीच्या रकान्यात मी लिहिलं:
मोहाचं झाड. भाडं नाही.
"शेजारची मंडळी म्हणून कुणाला लिहू?" त्यानं विचारलं,
"आमच्या शेजारी तर कुणीच नाही."
त्याच्या गावापासून मूसाखेडी किती लांब,
मी मनातल्या मनात मोजू लागले.
मग सोडून दिलं,
आणि पत्त्याच्या जागी लिहिलं, गिरणीवर.