पिवळी ज्योत

तबरीझ. बहमन महिन्यातला बर्फ.
तीन दिवस डोकं ठणकतंय
आणि हीटरची ज्योत पिवळी.
मला वाटलं, छान, ऊबदार दिसते,
जर्दाळूसारखी.

याशार आला. बूटही न काढता
आधी खिडकी उघडली.
"सेविल खानम, निळी हवी.
पिवळी म्हणजे गुदमरतेय ती,
आणि तुम्हीही."

गॅस बंद. काडी नाही, दिव्याचं बटणही नाही.
जोडावर साबणाचा फेस लावून
बुडबुड्यांची वाट पाहिली. एकही नाही.
मग छतावरचं धुराडं उघडलं:
काटक्या, पिसं, आणि
माझ्या हरवलेल्या मफलरचा
हिरवा धागा.

कबुतराने संसार मांडला होता
माझ्या धुराच्या वाटेत.

आता ज्योत निळी, बारीक, अबोल.
थंडी वाजते जरा.
खिडकी बोटभर उघडीच ठेवलीय.