उजवं-डावं

फ्रिजवर कागद लावला होता दिगंबरने.
मधोमध रेघ, ड्रॉइंग ऑफिसच्या जुन्या सवयीची, सरळ.
डावीकडे बॉर्डर टेरियर, उजवीकडे ग्रेहाउंड.
खाणं, फिरणं, केस, दवाखाना, आवाज.
आवाजापुढे टेरियरला चार फुल्या,
ग्रेहाउंडला लिहिलं होतं: जवळजवळ नाही.

केतकी ब्रिस्टलहून म्हणाली, आई, यात बघायचंय काय?
बाबांना बेल ऐकू येत नाही.
टेरियर घ्या, पोस्टमन आला तरी घर डोक्यावर घेईल.
बरोबरच होतं तिचं.
कानातली यंत्रं ड्रॉवरमध्ये पडलेली,
सुटी नाणी आणि रबरबँडांच्या शेजारी.
तो म्हणतो, त्यातून माणसं पत्र्याची वाटतात.

मार्चमधला शनिवार. हॅलिफॅक्सहून वर वर,
जिथे झाडं संपतात आणि नुसता वारा उरतो,
तिथे मॉरीनबाईंची शेड.

टेरियर आधी आला. आला कसला, सुटला.
अंगावर काथ्या, मिशीत चिखल,
एवढासा जीव आणि प्रत्येक गोष्टीवर मत.
माझ्या बुटाच्या नाडीवर भुंकला, बादलीवर भुंकला,
एका ढगावरही.
मला आवडला, खोटं कशाला बोलू.
आमच्या घरात कित्येक दिवसांत
कुणी इतकं बोललं नव्हतं.

मग दुसरा.
घडीची आरामखुर्ची कुणी सावकाश उघडावी
तसा एकेक पाय काढत उभा राहिला.
पाच वर्षांचा, शर्यतीतून निवृत्त.
एकसष्ट वेळा धावला, मॉरीन म्हणाली, जिंकला तीनदा.
काय म्हणाली?
तीनदा! मी ओरडले.
कानांत हिरवं गोंदण, माझ्या आत्याच्या हातावर होतं तसलं,
पण इथे देवाचं नाव नव्हतं,
नोंदणीची अक्षरं होती.
भुंकला नाही. शेपूटही जपूनच हलवली.
दिगंबरच्या मांडीला अंग लावलं
आणि सगळा भार टाकला,
बसमध्ये झोपलेला परका माणूस खांद्यावर कलतो
आणि आपला स्टॉप येऊन गेला तरी आपण हलत नाही, तसा.

गाडीत मी हिशोब मांडत होते.
टेरियर बाग उकरेल, पण चोर कळेल.
हा थंडीत कोट मागेल, सोफा मागेल,
खार दिसली तर हातासकट दोरी नेईल.
दिगंबर ऐकत नव्हता.
ऐकू येत नव्हतं की ऐकायचं नव्हतं,
एकतीस वर्षांत मला हे नीट ओळखता आलेलं नाही.

स्टॅन नाव होतं. आठवड्यात त्याचा स्टॅनराव झाला.
आमच्या घराला चौदा पायऱ्या, उभ्या, अरुंद.
याने जन्मात जिना पाहिलेला नाही.
पहिल्या पायरीवर पुढचे दोन पाय ठेवून
रात्रभर तिथेच थरथरत उभा.
शेवटी आम्हीच पलंग खाली आणला,
स्क्रू हरवले, भांडणं झाली,
आणि आता तिघंही पुढच्या खोलीत झोपतो
रस्त्याच्या दिव्याच्या उजेडात.
केतकी म्हणते, तुम्ही दोघं वेडे आहात.

परवा किल्ली विसरले. बारीक पाऊस.
बेल दाबली, उगीच, सवयीने.
खिडकीच्या काचेतून दिसत होतं:
दिगंबर पेपरात, स्टॅनराव उताणा,
चारही पाय हवेत, दात बाहेर.
बेल वाजली तसा तो जागचा हलला नाही.
फक्त एक कान उभा राहिला,
उजवा, गोंदलेला.
आणि दिगंबरने पेपर खाली ठेवला,
त्या कानाकडे पाहिलं,
उठला, आणि दार उघडलं.

तो काथ्याचा गोळा आता वरच्या गल्लीत राहतो,
निवृत्त पोस्टमास्तरांकडे.
पार्कात भेटतो तेव्हा आमच्यावर पाच मिनिटं भुंकतो.
स्टॅनराव दुसरीकडे बघत राहतो.
दिगंबर वाकून मला विचारतो,
काय म्हणतोय?
आणि मी दरवेळी काहीतरी वेगळं सांगते.