अंगठ्याचा भाव

टालिनच्या कोपली भागात, काड्यापेट्यांच्या जुन्या कारखान्यात
दुसऱ्या मजल्यावर आमचा स्टुडिओ.
मी हिशेब बघते. बाहुल्यांना हात लावत नाही,
माझ्या बोटांना शाई असते म्हणतात.

एका सेकंदाला चोवीस चित्रं.
हेल्दुर दिवसभरात चार सेकंद करतो,
कोल्ह्याला श्वास घ्यायचा असला तर तीनच.
तेवढ्यात दिव्यांची वीज, बँकेचा हप्ता,
गळकं छप्पर, अकरा जणांचे पगार
(टिउ आठवड्यातून तीन दिवस येते, तिचा निम्मा)
सगळं बसवायचं.
कोल्ह्याचं अंग लोकरीचं, तोंड मातीचं.
लोकरीला कसर लागते.
हिशेबालाही लागते, त्यावर गोळ्या मिळत नाहीत.

कोपनहेगनच्या बाईंना नव्वद मिनिटांचा सिनेमा हवा होता.
आम्ही दर कळवला.
सोळा दिवस काहीच नाही.
मग समजलं, व्हँकुव्हरची कंपनी
निम्म्या पैशांत देतेय, तिसऱ्या हिश्श्याच्या वेळात.

त्यांचा नमुना मी पाहिला. ससा होता.
खरं सांगते, आमच्यापेक्षा सुरेख.
आणि त्याच्या गालावर, मातीत,
अंगठ्याचा ठसा.
कुणाचा? माती तर नव्हतीच तिथे.
तसं बटण असतं म्हणे, दाबलं की
हातानं केल्यासारखं दिसतं.

अनुदानाच्या अर्जात एक रकाना येतो:
स्पर्धकांहून आपलं वेगळेपण.
सात वर्षं मी तिथे एकच वाक्य उतरवत आले,
'आमच्या कामावर हाताचे ठसे दिसतात.'
यंदा पेन तिथेच अडलं.

मार्चमध्ये व्हँकुव्हरहून पत्र. अतिशय सभ्य.
त्यांच्याकडे ठसा एकच आहे,
लहान मुलं हल्ली तो ओळखू लागलीत,
तर श्री. हेल्दुर यांचे दोन्ही अंगठे
सगळ्या कोनांतून स्कॅन करून मिळतील का?
पुढच्या पानावर रक्कम होती.
मी ती दोनदा मांडून पाहिली:
दोन हिवाळे आणि छप्पर.

हेल्दुरनं चष्मा कपाळावर ढकलून वाचलं.
'डाव्यावर कापल्याची खूण आहे,
तिचे वेगळे लाव,' म्हणाला.
बाकीचे हसले.
मी ती रक्कम आधीच वहीत लिहिली होती. पेन्सिलनं.

सहीच्या जागी त्यानं अंगठा उठवला,
मातीनं माखलेला, डावा.
कागद नासला म्हणून मी ओरडले,
दुसरी प्रत काढायला खाली गेले.
आले तोवर तो कोल्ह्यापाशी.
आज कोल्हा दारात नुसता उभा राहणार आहे,
आत जावं की नाही. चार सेकंद.
कोपनहेगनच्या बाईंनी हेच काढून टाका म्हटलं असतं.
कुणाच्या खात्यावर टाकू?

आमच्या मातीत तेल असतं.
तो ठसा कागदात जिरत
मागच्या पानावरच्या रकमेपर्यंत पोचलाय.
नवी प्रत माझ्या हातात कोमट आहे अजून.